स्वेच्छा नेमकी कोणाची? अल्पवयीन मुलं, मनोरुग्णालय आणि तुमचा सिनॉप्सिस



पेटचा निकाल लागला की सिनॉप्सिसची पळापळ सुरू होते आणि मग असे विषय समोर येतात : ‘सांगली जिल्ह्यातील अल्पवयीन मनोरुग्णांचे स्वेच्छेने दाखल होण्याचे प्रमाण : एक अभ्यास’. विषय चांगला आहे, गरजेचाही आहे. अडचण एका शब्दाची आहे. ‘स्वेच्छेने दाखल’ हा प्रकार आजच्या कायद्यात अल्पवयीन मुलासाठी उरलेलाच नाही. समितीतल्या एखाद्या कायद्याच्या प्राध्यापकांनी ‘कोणत्या कलमाखाली?’ एवढंच विचारलं तरी तुमचं शीर्षक जागेवर थांबेल.

म्हणून आजचा लेख या एका शब्दावर. तो कायद्यात कसा आला, कसा गेला आणि तो गेल्यावर मुलाच्या वाट्याला काय आलं, हे पाहू. समाजकार्य, मानसशास्त्र, नर्सिंग अशा विषयांतून पीएचडीकडे येणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहितेय, त्यामुळे कलमांचे आकडे दिसले म्हणून पान बंद करू नका. आकडे लागतातच, पण ते कशासाठी आहेत हे कळलं की पाठ करावे लागत नाहीत.

आधीचा कायदा : सही आईवडिलांची, स्वेच्छा मुलाची

१९१२ च्या इंग्रजी अमदानीतल्या ‘लुनसी ॲक्ट’नंतर आपल्याकडे १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा आला. प्रत्यक्षात तो लागू झाला १ एप्रिल १९९३ पासून. (कायद्याचं वर्ष आणि लागू होण्याची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रबंधात दोन्ही लिहा.) त्यात ‘स्वेच्छेने दाखल’ असा एक भागच होता. कलम १५ प्रमाणे सज्ञान माणूस स्वतः अर्ज करून ‘व्हॉलंटरी पेशंट’ म्हणून दाखल होऊ शकत होता. इथपर्यंत ठीक.

कलम १६ मात्र नीट वाचा. अल्पवयीन मुलाला मानसिक आजार आहे असं त्याच्या पालकाला वाटलं, तर पालकाने अर्ज करायचा आणि मुलाची नोंद व्हायची ‘व्हॉलंटरी पेशंट’ अशीच. इच्छा आईवडिलांची, आणि केसपेपरवर स्वेच्छा मुलाची. वैद्यकीय अधिकाऱ्याने २४ तासांच्या आत चौकशी करायची, खात्री पटली की दाखल करून घ्यायचं.

यात काय बिघडलं, असं वाटेल. आईबापच तर आणतात लेकराला! खरं आहे. आता त्याच कायद्याचं कलम १९ शेजारी ठेवून वाचा. एखादा सज्ञान माणूस दाखल व्हायची इच्छा व्यक्त करत नसेल किंवा करू शकत नसेल, तर नातेवाइकाला किंवा मित्राला अर्ज करता येत होता. पण त्यासोबत दोन डॉक्टरांची प्रमाणपत्रं लागत, त्यातला एक सरकारी सेवेतला हवा, आणि अशा रुग्णाला ९० दिवसांपलीकडे ठेवता येत नव्हतं. म्हणजे मनाविरुद्ध दाखल होणाऱ्या चाळीस वर्षांच्या माणसाला दोन प्रमाणपत्रांचं आणि एका मुदतीचं कुंपण होतं. चौदा वर्षांच्या मुलाला ते नव्हतं, कारण कागदोपत्री तो स्वतःहून आलेला! एका शब्दामुळे त्याचं संरक्षण कमी झालं होतं.

डिस्चार्जचंही तसंच. मुलासाठी मागणी पालकाने करायची. आणि ती केल्यावरही, सुट्टी देणं रुग्णाच्या हिताचं नाही असं वैद्यकीय अधिकाऱ्याला वाटलं, तर ७२ तासांत दोन वैद्यकीय अधिकाऱ्यांचं मंडळ नेमून एका वेळी ९० दिवसांपर्यंत मुक्काम वाढवता येत होता. हे सज्ञान ‘स्वेच्छा’ रुग्णालाही लागू होतं, हे लक्षात ठेवा. म्हणजे येताना स्वेच्छा, जाताना नाही.

आकडेवारीवर काम करणाऱ्यांसाठी इथे एक सापळा आहे. नवा कायदा लागू झाला २९ मे २०१८ ला. त्याआधीच्या रजिस्टरमधल्या ‘व्हॉलंटरी’ या रकान्यात सज्ञान माणसं आणि पालकांनी आणलेली मुलं एकत्र बसलेली असू शकतात. त्यानंतरच्या रजिस्टरमध्ये मुलांचा रकानाच वेगळा. आता २०१५ ते २०२२ असा आलेख काढून कुणी ‘स्वेच्छेने दाखल होण्याचं प्रमाण घटलं’ असा निष्कर्ष काढला, तर तो समाजातला बदल असेलच असं नाही. नाव बदललं म्हणूनही रेषा खाली येते. तुमच्या कामाचा कालखंड या तारखेच्या दोन्ही बाजूंना पसरला असेल, तर आधी रकाने जुळवा, मग टक्के काढा.

नवा कायदा : कलम ८७

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ ने ‘व्हॉलंटरी’ हा शब्द काढून टाकला. सज्ञान माणसासाठी कलम ८६ आहे : स्वतंत्र दाखल. त्याला स्वतःला उपचाराची गरज वाटते, काय चाललंय ते कळतं, आणि तो कुणाच्या दडपणाशिवाय अर्ज करतो. हे कलम अल्पवयीनांसाठी नाही, असं तिथेच स्पष्ट आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी कलम ८७. त्यात ‘स्वेच्छा’ कुठेच नाही. मला हा बदल प्रामाणिकपणाचा वाटतो. मुलाला दुसरं कुणीतरी दाखल करतंय, हे कायद्याने मान्य केलं, आणि मान्य केल्यामुळेच त्याभोवती अटी घालता आल्या.

या अटी नुसत्या सांगितल्या तर विसरून जाल. म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ.

समजा, विट्याजवळच्या एका गावातली पंधरा वर्षांची मुलगी आहे. वडील गलाईच्या व्यवसायात, तिकडे तामिळनाडूत, आई त्यांच्याबरोबर. मुलगी शाळेसाठी आजीकडे. (खानापूर-आटपाडी भागातली सोनं-चांदी गाळणारी कुटुंबं देशभर पसरली आहेत, तुमच्यापैकी काहींच्या घरातही असतील.) दोन आठवडे मुलीला झोप नाही, जेवण नाही, कुणीतरी मारायला येतंय असं म्हणते, परवा रात्री घरातून पळत सुटली. आजी आणि मामा तिला गाडीत घालून मिरजेला आणतात.

पहिला प्रश्न : सही कोण करणार? कलम ८७ प्रमाणे अर्ज ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ने करायचा. सज्ञान माणूस आपला प्रतिनिधी स्वतः ठरवतो. मुलाचा प्रतिनिधी, कलम १५ प्रमाणे, त्याचा कायदेशीर पालक. आजी सांभाळते, पण कायद्याने ती पालक नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे नैसर्गिक पालक आधी वडील, मग आई. गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ‘वडिलांनंतर’ याचा अर्थ ‘वडिलांच्या अनुपस्थितीत’ असा लावला, म्हणजे वडील हजर नसतील तर आई सही करू शकते. इथे दोघंही बाहेरगावी. मामा कितीही धडपडला तरी त्याची सही चालत नाही.

मग रात्री काय करायचं? त्यासाठी कलम ९४ आहे : तातडीचे उपचार. जिवाला धोका, स्वतःला किंवा दुसऱ्याला गंभीर इजा होण्याची भीती असेल, तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत उपचार करू शकतो. प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यायची. या कलमाखाली विजेचे झटके देता येत नाहीत. (एरवीही अल्पवयीन मुलाला ते द्यायचे तर पालकाची संमती आणि मंडळाची पूर्वपरवानगी, दोन्ही लागतात, ते कलम ९५.) तोवर वडील गाडीत बसतात.

वडील आले, अर्ज दिला. आता मुलीची तपासणी. दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, किंवा एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर यांनी तिला स्वतंत्रपणे तपासायचं. दाखल करण्याच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत. ‘स्वतंत्रपणे’ या शब्दाखाली रेघ मारा. एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने खाली सही करायची, असं कायद्याला अपेक्षित नाही. दोघांनाही चार गोष्टी पटल्या पाहिजेत. आजार दाखल करण्याइतका गंभीर आहे; दाखल करणं मुलीच्या हिताचं आहे; दाखल केल्याशिवाय तिची गरज भागणार नाही; आणि घराजवळचे, समाजातले बाकीचे पर्याय वापरून झाले किंवा ते तिच्या बाबतीत उघडच निरुपयोगी आहेत.

हा चौथा मुद्दा संशोधकासाठी सोन्यासारखा आहे. पर्याय ‘वापरून झाले’ असं लिहायला मुळात पर्याय असावे लागतात. जत किंवा आटपाडीच्या पूर्वेकडच्या गावातल्या मुलाला आठवड्याला बाह्यरुग्ण विभागात येण्याचा एसटीचा आणि बुडालेल्या रोजगाराचा खर्च किती? शाळेत समुपदेशक आहे का? पर्याय नसणं आणि पर्याय फसणं यांत कायद्याच्या दृष्टीने फरक आहे. केसपेपरवर मात्र दोन्ही एकाच ओळीत मावतात. ती ओळ कशी लिहिली जाते, एवढ्यावर एक अख्खं प्रकरण होऊ शकतं.

मुलीला मोठ्यांपासून वेगळं ठेवायचं, वयाला साजेशा वातावरणात, आणि इतर आजारांसाठी दाखल होणाऱ्या मुलांना जी सोय मिळते तिच्यापेक्षा कमी दर्जाच्या नाही. प्रतिनिधीने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने पूर्ण मुक्कामभर, कोणत्याही परिस्थितीत, तिच्यासोबत राहायचं. मुलगी असेल आणि प्रतिनिधी पुरुष असेल, तर सोबतीला बाईमाणूसच हवं. आपल्या उदाहरणात वडिलांनी आजीला नेमलं, प्रश्न सुटला.

सगळीकडे असा सुटत नाही. तासगावकडे द्राक्षबागेत रोजाने जाणारी आई छाटणीच्या दिवसांत महिनाभर वॉर्डात बसली तर घर कशावर चालणार? हे कलम मुलाच्या सुरक्षिततेसाठी आहे आणि मुलांवर बंद भिंतींआड काय काय झालंय हे पाहता ते हवंच. पण त्याचं बिल कुटुंबाच्या नावावर फाडलं जातं, त्यातही बहुतेक वेळा बाईच्या. सोबतीला माणूस नाही म्हणून दाखलच न झालेली मुलं कोणत्याही रजिस्टरमध्ये सापडणार नाहीत, हेही ध्यानात ठेवा. रुग्णालयाच्या नोंदींवर बेतलेल्या अभ्यासात ही मुलं दिसतच नाहीत.

कुणी म्हणेल, आमच्या शहरात मनोरुग्णालय नाही, सिव्हिलचा वॉर्ड आहे. ‘मानसिक आरोग्य आस्थापना’ या व्याख्येत मानसिक रुग्णांना दाखल करून घेणारं सर्वसाधारण रुग्णालयही येतं, त्यामुळे त्या वॉर्डालाही हेच नियम. आणि केवळ बौद्धिक अक्षमता (ज्याला आपल्याकडे अजूनही सर्रास ‘मतिमंद’ म्हणतात) ही या कायद्याच्या मानसिक आजाराच्या व्याख्येत येत नाही. नमुना निवडताना ही दोन टोपल्यांतली मुलं मिसळू नका.

तिला कुणी विचारलं का?

दुसरी अट आठवा : दाखल करणं मुलीच्या हिताचं आहे. ते ठरवताना तिची इच्छा, ‘जाणून घेता येत असेल तर’, विचारात घ्यायची आणि निर्णयाची कारणंही पाहायची, असं कायदा म्हणतो. संपूर्ण कलमात मुलीचा स्वतःचा आवाज आहे तो एवढाच. उपचाराची संमती प्रतिनिधीची. डिस्चार्जची मागणी प्रतिनिधीची. त्याने दाखल ठेवायला नकार दिला की मुलीला सोडावं लागतं. पंधरा काय, साडेसतरा वर्षांच्या मुलीचंही ‘हो’ किंवा ‘नाही’ स्वतःच्या बळावर काही ठरवत नाही.

हा पेच फक्त आपला नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्याच्या कायद्यात आईवडिलांनी मुलाला दाखल करण्याला ‘व्हॉलंटरी’च म्हणत. पारहॅम विरुद्ध जे. आर. या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २० जून १९७९ ला निकाल दिला : आईवडील मुलाचं हितच पाहतात असं सहसा धरून चालावं, मात्र एखाद्या तटस्थ व्यक्तीने तपासणी करून दाखल करण्याला दुजोरा द्यावा, ती व्यक्ती डॉक्टर असली तरी चालेल, न्यायालयासारखी सुनावणी लागत नाही. गंमत पाहा, ज्याच्या नावाने खटला ओळखला जातो तो जे. आर. आईवडिलांपासून तान्हेपणीच वेगळा झालेला होता. त्याला दाखल करायला सांगणारं खातं सरकारी होतं. आईच्या मायेवर बांधलेलं गृहीतक सरकारी खात्यालाही लागू करायचं का, यावर न्यायाधीशांत मतभेद झाले.

युरोपात नील्सन विरुद्ध डेन्मार्क. बारा वर्षांचा मुलगा, आईवडील विभक्त, ताबा आईकडे. आईच्या संमतीने त्याला बालमानसोपचार वॉर्डात साडेपाच महिने ठेवलं. मुलाला वडिलांकडे जायचं होतं. ही स्वातंत्र्य हिरावून घेण्याची घटना आहे का? युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९८८ मध्ये ‘नाही, हा पालकाच्या अधिकाराचा वापर आहे’ असं म्हटलं. मतं पडली ९ विरुद्ध ७. इतक्या काठावरचा निकाल वाचताना अल्पमतातले सात जण काय म्हणाले ते आवर्जून वाचा. संशोधनाचे प्रश्न बऱ्याचदा तिथेच मिळतात.

इंग्लंडने वेगळी वाट धरली. २००७ च्या दुरुस्तीनंतर १६ आणि १७ वर्षांच्या, निर्णयक्षमता असलेल्या मुलाने दाखल व्हायला नकार दिला, तर आईवडिलांच्या संमतीवर त्याला दाखल करता येत नाही. हवं तर कायद्यातली दुसरी, जास्त कडक प्रक्रिया वापरा. आपल्याकडे अशी मधली पायरी नाही. सतरा वर्षं अकरा महिन्यांपर्यंत कलम ८७, आणि मुक्कामात असताना अठरावा वाढदिवस आला की कलम ८८ प्रमाणे त्याच दिवसापासून ती व्यक्ती ‘स्वतंत्र रुग्ण’ मानायची. म्हणजे सोमवारी जिच्या मताला ‘विचारात घेण्या’पलीकडे किंमत नव्हती, ती मंगळवारी स्वतः डिस्चार्ज मागू शकते. (जुन्या कायद्यात सज्ञान झाल्याचं कळवून एका महिन्याची मुदत होती. त्या महिन्यात तिने राहायची विनंती केली नाही तर सुट्टी.) मला विचाराल तर १६ ते १८ हा टप्पा आपल्या कायद्यातली सर्वांत कमी विचार झालेली जागा आहे. बाल हक्क संहिता भारताने १९९२ मध्ये स्वीकारली, तिच्या अनुच्छेद १२ मध्ये मुलाच्या मताला वय आणि समज पाहून वजन द्या असं म्हटलंय. आपल्या कलमात वजनाचा हा चढता काटा नाही.

बदली : दोन कायदे, दोन्हीकडे कलम ९३

आता मुलाला एका ठिकाणाहून दुसरीकडे हलवायचं असेल तर? महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार : येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. सांगलीहून त्यातल्या त्यात जवळची म्हणजे रत्नागिरी आणि येरवडा. अधिनियमाच्या कलम ९३ प्रमाणे, कलम ८७ खाली दाखल झालेल्या मुलाला राज्यातल्या दुसऱ्या आस्थापनेत हलवता येतं, पण मानसिक आरोग्य आढावा मंडळाच्या आदेशाच्या अधीन राहून. परराज्यात हलवायचं तर केंद्रीय प्राधिकरणाची संमती लागते. रुग्ण आणि प्रतिनिधी दोघांनाही बदलीची माहिती आणि कारणं द्यायची. इथे मुलालाही सांगायचं आहे, नुसतं आईवडिलांना नाही.

मिरजेच्या बाबतीत परराज्याचा मुद्दा पुस्तकी नाही. अथणी, रायबाग, चिकोडीकडून लोक पिढ्यान्‌पिढ्या मिरजेला औषधपाण्याला येतात. तिकडच्या मुलाला धारवाडच्या मानसिक आरोग्य संस्थेत किंवा बंगळुरूच्या निमहान्समध्ये पाठवायचं तर कायद्याच्या भाषेत ती आंतरराज्य बदली. त्याऐवजी पालकाने इथे डिस्चार्ज मागायचा आणि तिकडे नव्याने दाखल करायचं, हा मार्ग कायद्यात मोकळाच आहे. मग दोन नव्या तपासण्या होतात, मंडळाला नव्याने कळवलं जातं, आणि ‘बदली’ अशी नोंद कुठेच उरत नाही. म्हणून केवळ ‘बदली’ या शीर्षकाच्या नोंदी शोधत बसलात तर हाती फार थोडं लागेल. रेफरची चिठ्ठी आणि डिस्चार्जचं कारण, दोन्ही पाहावी लागतील.

ज्यांना पालकच नाहीत किंवा जी बालगृहात, निरीक्षणगृहात आहेत, त्या मुलांसाठी बाल न्याय कायदा २०१५. योगायोग असा की तिथेही कलम ९३ च. संस्थेतलं मूल मानसिक आजारी आहे असं दिसलं, तर बालकल्याण समिती किंवा बाल न्याय मंडळ त्याला मनोरुग्णालयात हलवायचा आदेश देऊ शकतं. कशाप्रमाणे? त्या कलमात लिहिलंय, मानसिक आरोग्य कायदा १९८७ प्रमाणे! तो कायदा तर २०१८ मध्ये गेला. अशा वेळी १८९७ चा सामान्य वाक्खंड अधिनियम उपयोगी पडतो : रद्द होऊन नव्याने केलेल्या कायद्याचा जुना उल्लेख हा नव्याचा उल्लेख समजायचा. तेव्हा समितीचा आदेश आला तरी कलम ८७ च्या अटी सुटत नाहीत, असं माझं वाचन आहे. पण मग प्रतिनिधी कोण? कलम १५ म्हणतं, कायदेशीर पालक मुलाच्या हिताचं वागत नसेल किंवा योग्य नसेल तर मंडळ दुसरी योग्य व्यक्ती नेमू शकतं, आणि कुणीच मिळालं नाही तर समाजकल्याण विभागाचे संचालक. आता ‘पूर्ण मुक्कामभर सोबत राहायचं’ ही अट संचालकांच्या बाबतीत कशी पाळली जात असेल, हा प्रश्न तुमच्यापैकी कुणीतरी खरंच घ्या.

सगळ्या दोऱ्या मंडळाकडे

आतापर्यंत ‘मंडळ’ हा शब्द कितीदा आला पाहा. मुलाला दाखल केल्यावर ७२ तासांत मंडळाला कळवायचं. मंडळ येऊन मुलाशी बोलू शकतं, कागद तपासू शकतं. मुक्काम ३० दिवसांचा झाला की लगेच पुन्हा कळवायचं, मंडळाने सात दिवसांत आढावा घ्यायचा, आणि मग दर ३० दिवसांनी. दाखल करण्यालाच कुणी आव्हान दिलं तर त्या अर्जाचा निकाल सात दिवसांत. जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचा अध्यक्ष, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, दोन डॉक्टर (त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ), आणि आजारातून गेलेल्या, काळजी घेणाऱ्या किंवा संस्थांमध्ये काम करणाऱ्या लोकांतले दोघं, अशी त्याची रचना. मंडळाच्या निर्णयावर अपील उच्च न्यायालयात. सांगली-साताऱ्यासाठी ऑगस्ट २०२५ पासून ते कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे.

हे मंडळ चालत नसेल तर कलम ८७ चा अर्धा भाग कागदावर राहतो. आणि मंडळं चालवणं सोपं गेलेलं नाही. मुंबई उच्च न्यायालयात मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांनी केलेली जनहित याचिका याच विषयावर होती. ठाण्याच्या मनोरुग्णालयात नवऱ्याने दाखल केलेली एक स्त्री दहाहून जास्त वर्षं तिथेच राहिली, या प्रकरणातून ती पुढे आली. न्यायालयाने राज्याच्या प्राधिकरणाचं आणि आढावा मंडळांचं काम कसं चाललंय याचा हिशोब सरकारकडे मागितला. ती स्त्री सज्ञान होती. तिची एवढी वर्षं कुणाच्या लक्षात आली नाहीत, तर स्वतः अर्जही करू न शकणाऱ्या मुलाच्या तीस दिवसांवर लक्ष ठेवणारं कोण, हा प्रश्न त्या याचिकेचे आदेश वाचताना पडल्याशिवाय राहत नाही.

मग विषय कसा मांडायचा

‘स्वेच्छेने दाखल होण्याचं प्रमाण’ ऐवजी असे प्रश्न धरून पाहा : कलम ८७ खालच्या केसपेपरवर मुलाची इच्छा कुठे आणि कोणत्या शब्दांत नोंदली जाते? दोन तपासण्यांच्या टिपणांत फरक असतो का? मुलांबद्दल ७२ तासांत किती कळवण्या आल्या आणि ३० दिवसांचे आढावे किती झाले? शेवटचा प्रश्न माहिती अधिकारात विचारता येतो. फक्त संख्या मागा, नावं किंवा केस क्रमांक नको. व्यक्तिगत माहिती म्हणून अर्ज फेटाळायला निमित्त मिळतं.

मुलांशी बोलायचं ठरवलंत तर एथिक्स कमिटी लवकर गाठा. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकाची संमती तर हवीच, शिवाय साधारण सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी आणि त्यापुढे अठरापर्यंत लेखी रुकार. अधिनियमाचं कलम ९९ ही वाचा : मुलाखत घेणाऱ्या कोणत्याही संशोधनाला संमती हवी, ती देऊ न शकणाऱ्या पण विरोध न करणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत राज्य प्राधिकरणाची परवानगी, आणि संमती देऊ न शकणाऱ्यांच्या केस नोंदींचा अभ्यास, ओळख गुप्त राहत असेल तर, करता येतो. एक विसंगती पाहा : स्वतःच्या मुक्कामाबद्दल ज्या मुलीचं ‘नाही’ चालत नाही, तिचं ‘नाही’ तुमच्या प्रश्नावलीपुढे मात्र शेवटचं असतं. ते पाळा. वडिलांनी फॉर्मवर सही केली म्हणून तिला पुन्हा पुन्हा विचारू नका.

आणि ओळख गुप्त ठेवणं म्हणजे नाव काढून टाकणं नव्हे. ‘मुलगी, १४, जत तालुका, २०२१, वडील ऊसतोड मुकादम’ एवढं लिहिलंत की त्या गावातल्या चहाच्या टपरीवर नाव सांगायला दोन मिनिटं लागत नाहीत. तक्त्यात तालुका आणि वय एकत्र देऊ नका. एखाद्या चौकटीत आकडा अगदी लहान, एक-दोन असा, येत असेल तर ती शेजारच्या चौकटीत मिसळा किंवा जिल्हा पातळीवर न्या. त्याने तक्ता थोडा ढोबळ होईल, गाईड कदाचित कुरकुरतील. त्यांना हा परिच्छेद दाखवा.